हरायचं तर खरं हरू द्या

मंडळी, संक्रांत जवळ आली की आपल्या मंडळातल्या बायकांची मकरपुऱ्यातल्या वृद्धाश्रमात हळदीकुंकवाला जायची लगबग सुरू होते. तिळगूळ, वाणाच्या वाट्या, दोन-चार उखाणे, फोटो. मीही कितीतरी वर्षं जात होते. एका वर्षी तिळगुळाचा डबा घेऊन आतल्या खोल्यांपर्यंत गेले, तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त आज्या हॉलमध्ये आल्याच नव्हत्या. त्या नवरा गेलेल्या. त्यांना कुणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं, पण "या" असंही कुणी म्हटलं नव्हतं. पुरुष मंडळी तर त्या दिवशी खोलीचं दार लोटून पेपर वाचत बसायची. ज्या घरात बत्तीस माणसं राहतात, तिथे आठ-दहा जणींचा सण करून आपण परत येत होतो.

सगळ्यांना येता येईल असं काहीतरी करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. शाळेत २८ वर्षं पी.टी. शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? क्रीडादिन!

आमचा पहिला क्रीडादिन फसला, दुसरा जमला आणि तिसरा येत्या जानेवारीत आहे. तुमच्यापैकी कुणाला आपापल्या भागात असं काही करायचं असेल, तर निदान आमच्या चुका तुमच्या कामी याव्यात म्हणून सविस्तर लिहिते आहे. आश्रमातल्या कुणाचंही नाव मुद्दाम दिलेलं नाही.

माझी तयार यादी

शाळेच्या क्रीडादिनाची यादी मला झोपेतही म्हणता येते. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बादलीत चेंडू टाकणे. त्यातली पळापळ काढून टाकली आणि बाकी तसंच ठेवलं. आश्रमातल्या कुणालाही विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. शाळेत आपण पोरांना कुठे विचारतो?

संगीत खुर्ची "हळूहळू चालत" खेळायची, असं मी माइकवरून तीनदा सांगितलं होतं. गाणं थांबलं आणि ज्यांची मला सगळ्यात कमी काळजी होती, ते ८१ वर्षांचे एक काका झटकन खुर्चीकडे वळले. खुर्ची प्लॅस्टिकची, हलकी. फरशी गुळगुळीत. पायात सपाता. खुर्ची मागे सरकली आणि काका जमिनीवर बसले.

आम्ही चौघीजणी धावलो आणि काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ही माझी दुसरी चूक. पडलेल्या माणसाला ओढून उभं करायचं नसतं. आहे तिथेच राहू द्यायचं, कुठे दुखतं, हातपाय हलतात का, चक्कर येते का हे विचारायचं आणि नर्सला बोलवायचं. खुब्याचं हाड मोडलेलं असतं, तर आमच्या ओढाताणीने ते आणखी बिघडलं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला जराही मार लागला असेल, तर दुखत नसलं तरी डॉक्टरला कळवायचंच. हे सगळं मला त्या संध्याकाळी कळलं. सकाळी कळायला हवं होतं.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. सगळ्यांनी "थोडक्यात निभावलं" म्हटलं. पण काका त्या दिवसापासून खोलीबाहेर येईनात. चहा खोलीत, जेवण खोलीत. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा संडासापर्यंत जायलाही त्यांना वॉकर लागत होता. हाड न मोडताही माणूस असा बसू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आश्रमात येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगितलं. पडण्याची भीती बसली की माणूस हलणं टाळतो. हलला नाही की पायांतली ताकद जाते. ताकद गेली की तोल जातो, आणि मग पुन्हा पडण्याची शक्यता आधीपेक्षा वाढते.

काकांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला होता. रागावल्या नव्हत्या, थकलेल्या वाटल्या. "ताई, या वयात त्यांना खेळवायला कशाला नेलंत?" एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मग खेळलो कशाला?"

मी काकांची माफी मागायला गेले. त्यांनी ती बाजूलाच सारली.

"अहो बाई, पडलो त्याचं काही नाही. बक्षीस काय दिलंत ते आठवतंय का?"

आठवत होतं. सगळ्यांना एक कंगवा आणि एक रुमाल. कुणी नाराज व्हायला नको म्हणून.

"मी पडलो, बाद झालो, तरी मला कंगवा. जो जिंकला त्यालाही कंगवा. मग खेळलो कशाला? आम्ही म्हातारे झालोय, बालवाडीत नाही गेलो. हरलो तर हरलो म्हणा की!"

हे काका मकरपुरा जीआयडीसीत ३२ वर्षं लेथवर टर्नर होते. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि तरुणपणी ते शहरातल्या एका व्यायामशाळेतून हु-तू-तू खेळायचे. मकरपुऱ्यात नव्याने राहायला आलेल्यांना हा भाग म्हणजे कारखाने आणि गायकवाडांचा राजवाडा, जो आता हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेकडे आहे, एवढाच माहीत असतो. पण जुन्या बडोद्यात मराठी घरातला मुलगा संध्याकाळी आखाड्यात किंवा मैदानावर असायचाच. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांची नावं काकांच्या पिढीला पाठ आहेत. आपण आज ज्याला कबड्डी म्हणतो, त्या हु-तू-तूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली छापले आणि त्याच नियमांवर अखिल भारतीय सामने भरवले. त्याआधी खेळ होताच, पण गावोगावी नियम वेगळे. पंचाचा निर्णय कशावर टिकणार?

"नियम बडोद्याने लिहिले," काका म्हणाले, "आणि तुम्ही आम्हाला बिननियमाचा खेळ खेळवलात."

मी त्यांच्यासमोर एक दोनशे पानी वही ठेवली आणि म्हटलं, "मग तुम्हीच लिहा."

वही दोन आठवडे तशीच पडून होती. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला, येताना मेजरटेप घेऊन या.

आधी विचारलं

या वेळी आम्ही नोव्हेंबरात सुरुवात केली. तारखेवर बराच खल झाला. २९ ऑगस्ट, म्हणजे मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस, हा आपला राष्ट्रीय क्रीडादिन. पण त्या दिवसांत बडोद्याच्या पावसाचा भरवसा नाही. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा आंतरराष्ट्रीय दिवस. पण ऑक्टोबरचा उकाडा, आणि नवरात्र जवळ असलं तर कुणाच्याच घरचं माणूस मोकळं नाही. शेवटी उत्तरायणाचे पतंग उतरल्यानंतरचा आणि रथसप्तमीच्या आधीचा रविवार ठरला. हवा थंड, आकाश मोकळं आणि हळदीकुंकवाची जागा क्रीडादिनाने घेतलेली.

मग मी आणि फिजिओ ताई एकेकाजवळ जाऊन बसलो. प्रश्न तीनच. लहानपणी काय खेळायचात? आता कोणतं अंग दुखतं? आणि तुम्हाला खेळायचं आहे, पंच व्हायचं आहे, की नुसतं बघायचं आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला. बघायचा पर्याय उघडपणे दिल्यावर खेळायला तयार होणारे वाढले. बत्तीसपैकी चोवीस जण खेळाडू झाले, तिघं पंच आणि गुणलेखक, बाकीचे प्रेक्षक.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं ऐकून माझी जुनी यादी मी स्वतःच फाडली. सागरगोटे, लगोरी, आट्यापाट्या, कॅरम, गुजराती बांच्या तोंडी सातोलियुं, म्हणजे आपली लगोरीच. लिंबू-चमचा कुणाच्याच तोंडून आला नाही. तो मुळात त्यांचा खेळ नव्हताच, तो माझ्या शाळेचा होता.

संघांना मी "गुलाब" आणि "मोगरा" अशी नावं देणार होते. ती एकमताने फेटाळली गेली. बडोद्याच्या जुन्या वेशींची नावं ठरली: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. सहा-सहा जणांचे चार संघ. मराठी आणि गुजराती सगळ्या संघांत मिसळलेले.

काय खेळलो

पिशवीफेक. जुन्या सुती साड्यांच्या छोट्या पिशव्या आश्रमातल्या आज्यांनीच शिवल्या आणि त्यांत चिंचोके भरले. एक पिशवी साधारण १०० ग्रॅमची. ती हातातून सुटली तरी घरंगळत नाही, कुणाच्या पायाखाली येत नाही आणि सांधे आखडलेल्या बोटांतही मावते. जमिनीवर दोरीची तीन वर्तुळं, आतल्याला ३०, मधल्याला २०, बाहेरच्याला १० गुण. फेकायचं खुर्चीत बसून.

इथे काकांचा आणि फिजिओ ताईंचा खटका उडाला. काका म्हणाले, रेघ सगळ्यांना एकच हवी. ताई म्हणाल्या, ज्यांचा खांदाच वर जात नाही त्यांना दोन मीटरवरून फेकायला लावणं हा न्याय नाही. तोडगा ताईंनीच काढला. सरावात प्रत्येकाला दहा पिशव्या फेकायला द्यायच्या. ज्या अंतरावरून दहापैकी साधारण पाच वर्तुळात पडतात, ती त्या माणसाची रेघ. म्हणजे जिंकणं आणि हरणं दोन्ही शक्य. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कुस्तीत वजनी गट असतात, तसंच की." आणि वहीत लिहून घेतलं. चोवीस जणांच्या चोवीस रेघा त्यांनी स्वतः टेपने मोजून ठेवल्या.

फुग्याचा व्हॉलीबॉल. समोरासमोर तीन-तीन खुर्च्या, मध्ये बांधलेली ओढणी आणि एक मोठा फुगा. फुगा सावकाश येतो, त्यामुळे हात उचलायला वेळ मिळतो आणि लागला तरी दुखत नाही. व्हीलचेअरवरचा आणि बिनव्हीलचेअरचा खेळाडू इथे अगदी बरोबरीत येतात. "बसून खेळणं म्हणजे काय खेळ?" असं एक आजोबा कुरकुरले होते. त्यांना मी बोचाबद्दल सांगितलं. व्हीलचेअरवर बसलेले खेळाडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला लाल किंवा निळा चेंडू टाकतात. हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि तिथे पंच अंतर मोजून निर्णय देतात. मोजतात हे ऐकून काका खूश.

टेबलावरची लगोरी. वाकायचं नाही म्हणून लगोरी टेबलावर आणली. काकांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचं जीआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. त्याने सात लाकडी चकत्या करून दिल्या. सगळ्यात खालची जेवणाच्या वाटीच्या तोंडाएवढी आणि वरची त्याहून थोडीच लहान, म्हणजे थरथरत्या हातानेही रचता येते. एकजण कापडी चेंडूने लगोरी फोडणार, दुसरा ती रचणार, तिसरा पडलेल्या चकत्या हातात देणार. खाली पडलेली चकती खेळाडूने उचलायची नाही, ते स्वयंसेवकाचं काम. हा नियम क्रमांक चार आणि तो मोडला तर गुण कापला जातो. गुण कापल्याशिवाय कुणी ऐकत नाही!

थैलीत काय आहे. ज्यांना कमी दिसतं किंवा ज्यांची स्मरणशक्ती उतरली आहे, त्यांच्यासाठी वासावरून वस्तू ओळखायचा खेळ माझ्या मनात होता. ताईंनी थांबवलं. वयानुसार वास घेण्याची शक्ती कमी होते आणि अल्झायमरमध्ये ती बऱ्याचदा लवकर जाते, म्हणजे नेमक्या त्याच माणसांना तो खेळ जड गेला असता. म्हणून स्पर्शावर गेलो. कापडी थैलीत लाटणं, पळी, पतंगाची फिरकी, चकलीच्या सोऱ्याची चकती, कुलूप आणि सुपारी. हात घालायचा आणि नाव सांगायचं.

अंदाज-चाल. चालण्याच्या शर्यतीत सगळ्यात मोठा धोका घाईचा असतो, म्हणून वेगाची शर्यत काढूनच टाकली. सहा मीटरचं अंतर आपल्या नेहमीच्या चालीने चालायचं, पण आधी किती सेकंद लागतील ते सांगायचं. ज्याचा अंदाज खऱ्या वेळेच्या सगळ्यात जवळ, तो जिंकला. काठी चालेल, वॉकर चालेल. घड्याळ बघायचं नाही आणि तोंडाने आकडे मोजायचे नाहीत. घाई केली तर आपलाच अंदाज चुकतो. आमच्या सगळ्या खेळांत हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुरशीचा ठरला.

एक खेळ मात्र कापावा लागला. काकांना एका दमात "हु-तू-तू" म्हणायची स्पर्धा हवी होती. आश्रमाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. हृदयाचे आणि दम्याचे इतके रुग्ण असताना श्वासाची चढाओढ नको. काकांनी वाद घातला नाही. वहीत फक्त "रद्द, डॉक्टर" एवढंच लिहिलं.

सही कुणाची?

सगळ्यात अवघड काम खेळांचं नव्हतं, परवानगीचं होतं. आश्रमाने घरच्यांची सही मागितली, आणि आधीच्या वर्षानंतर ते चूक म्हणता येत नव्हतं. बहुतेकांनी आनंदाने पाठवली. एका आजींच्या मुलाने परदेशातून नकार कळवला. आजींची बुद्धी खणखणीत. दुपारी त्यांनी स्वतः मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाल्या, "अरे, हात माझा, पिशवी मी शिवलेली. फेकायला तुझी सही कशाला?" मुलाने डॉक्टरांशी बोलून होकार दिला.

पण सगळ्यांचं असं झालं नाही. एका आजोबांच्या घरून शेवटपर्यंत नकारच राहिला. ते त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक फेकीबरोबर त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडासा उचलला जात होता. घरच्यांची भीती मला समजते. ती माझ्यामुळेच आश्रमभर पसरली होती. तरीही तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आई-वडिलांना सांभाळताना आपण त्यांच्या वतीने किती "नाही" म्हणतो, हे घरी येऊन मी माझ्यापुरतं मोजलं. सासूबाईंना भाजी चिरायची सुरी मी का देत नाही, याचं उत्तर मला नीटसं देता आलं नाही.

तो रविवार

दहा वाजता सुरू, पावणेबाराला समाप्त. त्याआधी सगळ्यांचा नाश्ता आणि गोळ्या झालेल्या. मधुमेह असलेल्यांना उपाशी खेळवायचं नाही, हे फळ्यावरच लिहिलं होतं. या वेळी मोठा स्पीकर लावला नाही, कारण कानात यंत्र असलेल्यांना त्याचा त्रास होतो. त्याऐवजी काळ्या फळ्यावर वीतभर उंचीचे आकडे आणि मराठी-गुजरातीत सूचना. पिशव्या पिवळ्या आणि लाल, फरशीवर उठून दिसतील अशा.

पिशवीफेकीत मुलाला फोन करणाऱ्या आजींनी सलग तीन वेळा तीसच्या वर्तुळात पिशवी टाकली आणि चौथी थेट पंचांच्या चहाच्या कपात. लगोरीत पाणीगेटने सात चकत्या अशा वेगाने रचल्या, की लहरीपुऱ्याने लगेच हरकत घेतली.

थैलीच्या खेळात मात्र पेच पडला. चांपानेरच्या एका आजींना हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. त्यांनी थैलीतून चकलीची चकती काढली, हातात फिरवली आणि त्यांचा दुसरा हात आपोआप सोऱ्याचा दांडा फिरवू लागला. गोल गोल, अगदी सरावाने. वस्तू ओळखली होती यात शंका नव्हती. पण शब्द येईना. हॉल गप्प झाला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी वही उघडली. नियम सात: नाव सांगितल्यास गुण. त्यांनी गुण दिला नाही.

मला तेव्हा त्यांचा रागच आला. चांपानेर संघ त्या एका गुणाने दुसऱ्या क्रमांकावर गेला. आजींना त्याचं काहीच नव्हतं, त्या चकती सोडायला तयार नव्हत्या. कार्यक्रम संपल्यावर काका वहीत काही खरडत होते. मी डोकावले. नियम सात, दुरुस्ती: हाताने वापर करून दाखवला तरी पूर्ण गुण. पुढील वर्षापासून लागू. "खेळ चालू असताना नियम बदलला, तर जिंकलेल्यांची चोरी होते, बाई," ते म्हणाले. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या आजींना दया दाखवायची सोडून त्यांच्यासाठी नियम बदलणं, हाच जास्त मोठा मान होता.

आणि अंदाज-चाल? त्यात काका स्वतः खेळाडू होते. वर्षभरापूर्वी जमिनीवर बसलेला तोच माणूस, तोच हॉल. त्यांनी २४ सेकंद सांगितले. वॉकर घेऊन निघाले, त्यांच्या कमजोर बाजूला अर्धं पाऊल मागे ताई चालत होत्या. मधे एकदा थांबले, खाली फरशीकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागले. २७ सेकंद. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका गुजराती बांनी ३१ सांगितले आणि त्यांना बरोबर ३१ लागले. चषक त्यांना. एकच चषक, एकच विजेती. कंगवे नव्हते.

काकांनी स्टॉपवॉच लवकर दाबलं गेल्याची तक्रार केली. ती फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहा मीटरच्या पट्टीवर सराव करताना दिसले, असं आश्रमातल्या मावशींनी मला फोनवर सांगितलं.

त्यांच्या मुलीला मी तो व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: "बाबा हरल्याचं पहिल्यांदा इतकं बरं वाटलं."

तुम्हाला करायचं असेल तर

क्रीडादिन एक दिवसाचा, पण फायदा त्याआधीच्या सरावाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत, आणि तेवढं जमत नसेल तर झेपेल तेवढं करा, अजिबात न करण्यापेक्षा ते बरं, असंही म्हटलं आहे. आम्ही आठवड्यातून दोनदा सुरुवात केली, आता तीनदा सराव चालतो. निदान आठ आठवडे आधी सुरुवात करा.

खुर्च्या जड, हात असलेल्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. सपाता आणि नुसते मोजे नकोत. वाटेत वायर, सतरंजीची दुमडलेली कड, सांडलेलं पाणी नको. स्वच्छतागृह जवळ हवं आणि दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं विश्रांती. एकदम उभं राहिल्यावर बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते, म्हणून उठल्यावर क्षणभर खुर्चीला धरून उभं राहायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

चालणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक स्वयंसेवक, बसून खेळणाऱ्या चौघांमागे एक. खेळता खेळता बोलता येईनासा दम लागला, छातीत जड वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर खेळ तिथेच थांबवायचा आणि नर्सला बोलवायचं. कुणाला काय झेपत नाही ही डॉक्टरांची यादी स्वयंसेवकाच्या खिशात असू द्या, खेळाडूच्या छातीवर लावू नका.

आणि निकाल खरा लावा. सुरक्षितपणा खुर्चीत, फरशीत आणि अंतरात ठेवा. गुणांत ठेवू नका.

येत्या जानेवारीसाठी आम्हाला स्वयंसेवक हवे आहेत. मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवा. जुन्या सुती साड्या आणि चिंचोकेही चालतील. पुरुष मंडळींनीही यावं, हे हळदीकुंकू नाही. मात्र येण्याआधी वही वाचावी लागेल. नियम आता एकोणीस झाले आहेत, आणि काका तोंडी परीक्षा घेतात.